आधी ब्रेक, मग सेल्फ

मिस्त्री फाटकातून आत आले तेव्हा मॅडमचा भाचा जंपर केबल खांद्यावर टाकून तयारच होता. त्याची एसयूव्ही शेडच्या तोंडाशी लावलेली, बॉनेट उघडलेलं. शेडमधली ताडपत्री अर्धी सरकवलेली आणि तिच्याखालून ३५ वर्षं धूळ खात पडलेल्या लाल गाडीचं नाक बाहेर डोकावत होतं. जुन्या बॅटऱ्यांच्या जागेशेजारी नवी कोरी बॅटरी आणून ठेवली होती. कॅनमध्ये पाच लिटर पेट्रोलही होतं. भाच्याचं म्हणणं सरळ होतं: एकदा सेल्फ मारून बघू, घेतली तर घेतली, नाहीतर मिस्त्री आहेतच.

मिस्त्रींनी काही न बोलता त्याच्या खांद्यावरची केबल काढली, नीट गुंडाळली आणि एसयूव्हीच्या सीटवर नेऊन ठेवली. मग म्हणाले, "हिचा अर्थ उलटा आहे, साहेब."

पुण्यातल्या गॅरेजमध्ये 'अर्थिंग'ला नुसतं अर्थ म्हणतात. आजच्या गाड्यांत बॅटरीचं ऋण टोक बॉडीला जोडलेलं असतं. १९५०च्या दशकातल्या बऱ्याच ब्रिटिश गाड्यांत धन टोक बॉडीला असे. भाच्याने सवयीने काळी केबल बॉडीला लावली असती तर सेल्फ फिरलाही असता, कारण त्याला उलट-सुलट कळत नाही. पण डायनमो आणि कटआउट यांचं जुंपलं असतं आणि काहीतरी जळालं असतं. त्याच्याही आधी, कोरड्या ठणठणीत सिलिंडरमध्ये गंजाला चिकटलेल्या पिस्टनच्या रिंगा कडाकड तुटल्या असत्या, ते वेगळंच.

मॅडम निवृत्त प्राध्यापक. तीस वर्षं फिजिक्स शिकवलेलं, त्यामुळे प्रश्न नेमका विचारायची सवय. "किती दिवस लागतील?"

"सुरू व्हायला पंधरा दिवस. रस्त्यावर जायला वर्ष."

"एवढा फरक?"

"सुरू झालेली गाडी थांबायलाही पाहिजे ना, मॅडम."

ही २०२४च्या जूनमधली गोष्ट. मिस्त्रींचे दोन्ही अंदाज चुकले. पंधरा दिवसांचे आठ महिने झाले आणि वर्षाचं सव्वा वर्ष.

गाडी एमजीए. १९५७ सालची, १५०० मॉडेल, दोन माणसांची, उघडी. मॅडमचे वडील इंग्लंडला इंजिनिअरिंगचं शिक्षण घ्यायला गेले होते. तिथे ही गाडी त्यांनी एका हातातून गेलेली घेतली आणि १९५९ मध्ये परत येताना बोटीने मुंबईला आणली. तेव्हा महाराष्ट्र नव्हता, द्विभाषिक मुंबई राज्य होतं. आरसी बुकावरचा शिक्का अजून त्याच राज्याचा आहे. १९८९ मध्ये वडिलांची नजर गेली. गाडी शेडमध्ये लावली, चावी कपाटात ठेवली, आणि 'पुढच्या महिन्यात बघू' असं म्हणता म्हणता वडीलही गेले.

एमजीए पहिल्यांदा जगापुढे आली ती १९५५च्या सप्टेंबरमध्ये, फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात. त्याच वर्षीच्या जूनमध्ये तिची तीन पूर्वरूपं ल मांच्या चोवीस तासांच्या शर्यतीत धावली होती. १९६२ पर्यंत ऑक्सफर्डजवळच्या अॅबिंग्डनच्या कारखान्यात एक लाखाच्या थोड्या वर एमजीए तयार झाल्या. त्यातल्या बहुतेक बाहेरदेशी गेल्या, सर्वांत जास्त अमेरिकेला. दरवाजाला बाहेरून हँडलच नाही; हात आत घालून दोरी ओढायची की दार उघडतं. दरवाजाचा, बॉनेटचा आणि डिकीचा पत्रा अॅल्युमिनियमचा, बाकी पोलाद. आणि पायाखाली, विश्वास बसणार नाही, प्लायवूडच्या फळ्या. शंभर मैलांच्या जवळपास पळणाऱ्या गाडीला लाकडी तळ!

मिस्त्रींनी ही गाडी आयुष्यात पहिल्यांदा हाताळली. पण बॉनेट वर केलं आणि ते हसले. मॅडमना वाटलं, काही विनोदी सापडलं असेल.

"ही तर आपली अँबॅसेडर."

त्यात अतिशयोक्ती होती, पण फारशी नाही. उत्तरपाड्याला २०१४ पर्यंत बनत राहिलेली अँबॅसेडर म्हणजे मुळात इंग्लंडची मॉरिस ऑक्सफर्ड. एमजी म्हणजे मॉरिस गॅरेजेस. दोघींचं कूळ एक. १९५९च्या सुमारास अँबॅसेडरला जे १४८९ सीसीचं बी-सिरीज इंजिन मिळालं, तेच जातीने एमजीए १५०० मध्ये होतं: ७३ मिलिमीटरचा बोअर, ८८.९ चा स्ट्रोक, क्रँकला तीन मेन बेअरिंगं. फरक इतकाच की स्पोर्ट्स गाडीला कार्बोरेटर दोन, कॅम वेगळा, कॉम्प्रेशन जास्त; त्यामुळे तिची ताकद ७२ अश्वशक्तीपर्यंत जाते. एकाच घरातल्या दोन बहिणी, एक शर्यतीला गेली, दुसरी सचिवालयात लागली.

मिस्त्रींचा जन्म त्या दुसरीच्या सेवेत गेला. वयाच्या चौदाव्या वर्षी ते नाना पेठेतल्या एका गॅरेजमध्ये पाने पुसायला लागले, आणि पुढची तीसेक वर्षं त्यांच्या हाताखालून गेल्या त्या सरकारी खात्यांच्या आणि साखर कारखान्यांच्या चेअरमन लोकांच्या पांढऱ्या अँबॅसेडर. ते सांगतात, निवडणुकीच्या आधी एका आठवड्यात सात हेड उतरवली होती. अँबॅसेडर गेल्या तशी गिऱ्हाइकं गेली. नव्या गाड्यांना कॉम्प्युटर जोडावा लागतो. तो त्यांचा पोरगा जोडतो. हाताला काम नव्हतं, म्हणून त्यांनी या गाडीला होकार दिला, असं ते म्हणतात. बॉनेट उघडल्यावरचं ते हसू ज्याने पाहिलं असेल त्याला ते पटणार नाही.

पहिला महिना निव्वळ उंदीर आणि कुंभारणींना बाहेर काढण्यात गेला. एअर क्लीनरमध्ये सीटमधल्या काथ्याचं आणि जुन्या वर्तमानपत्राच्या चिंध्यांचं घरटं होतं. सायलेन्सरच्या तोंडात कुंभारीण माशीने मातीची मडकी लिंपली होती, एकावर एक, चांगली विटेसारखी पक्की. वायरिंगवर त्या काळी कापडाची वीण असे. ती उंदरांनी जागोजागी कुरतडली होती आणि आतलं रबर हात लावताच पापडासारखं तुटत होतं. मिस्त्रींनी सगळं वायरिंग उतरवून अंगणात सतरंजीवर पसरलं, प्रत्येक टोकाला पांढरी चिकटपट्टी लावून नंबर घातले आणि त्याच मापाचं नवं विणून घेतलं. अख्ख्या गाडीला फ्यूज दोन. आजच्या साध्या गाडीत पन्नास सहज निघतात, म्हणून मिस्त्रींनी हेडलाइट आणि पेट्रोल पंप यांच्यासाठी लपवून आणखी दोन घातले. हे त्यांनी मॅडमना सांगितलं. जुन्या गाड्यांच्या शुद्धतेचे जे पुजारी असतात त्यांना सांगू नये, असंही सांगितलं.

इंजिन जाम होतं. चारही प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये डिझेल आणि इंजिन ऑईलचं मिश्रण ओतलं आणि झाकून ठेवलं. रोज संध्याकाळी मिस्त्री येत, क्रँक पुलीच्या नटवर लांब दांडीचा पाना लावत, एकदा इकडे एकदा तिकडे अगदी हलका जोर देत आणि जात. कामाला दोन मिनिटं, गप्पांना अर्धा तास. अकराव्या दिवशी पाना जरा पुढे सरकला, करंगळीच्या नखाएवढा. त्यांनी जोर वाढवला नाही. पुन्हा तेल घातलं आणि घरी गेले. विसाव्या दिवशी इंजिन पूर्ण फेरा फिरलं.

मग हेड उतरवलं. तिसऱ्या सिलिंडरमध्ये गंजाचा पट्टा होता. गाडी बंद केली त्या दिवशी त्याचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडा राहिला असणार आणि ३५ पावसाळ्यांची दमट हवा त्या वाटेने आत गेली असणार. बोअर घासून निभावलं, रिंगा नव्या टाकल्या. व्हॉल्व्हच्या सीटांचं मात्र वेगळं होतं. ही गाडी शेवटची चालली तेव्हा आपल्याकडच्या पेट्रोलमध्ये शिसं होतं; देशभर ते बंद झालं २००० सालच्या फेब्रुवारीत. शिशाचा पातळ थर ओतीव लोखंडाच्या सीटांना गादीसारखा सांभाळून घ्यायचा. तो नसला की एक्झॉस्टचे व्हॉल्व्ह हळूहळू सीटमध्ये रुतत जातात. अँबॅसेडरच्या हेडांवर मिस्त्रींनी तो प्रकार भरपूर पाहिला होता, म्हणून लेथवाल्याकडून कडक धातूच्या सीटा बसवून घेतल्या. बाकी काही सुटे भाग त्यांच्या माळ्यावरच्या अँबॅसेडरच्या पेटीतून निघाले. पण मायक्रोमीटर लावल्याशिवाय त्यातला एकही आत गेला नाही. बहिणी असल्या तरी चपलेचं माप एक असतंच असं नाही.

इथपर्यंत आल्यावर कुणीही सेल्फ मारला असता. भाचा दर रविवारी फोन करत होता. मिस्त्रींनी इंजिन गाडीत बसवलं, वर जुनी चादर टाकली आणि चाकांकडे वळले.

या गाडीचे ब्रेक चारही ड्रमचे, दहा इंची. पुढच्या प्रत्येक चाकाला दोन व्हील सिलिंडर, मागच्याला एक. म्हणजे एकूण सहा. सगळ्यांना तेल पुरवणारी लाइन एकच. आजच्या गाड्यांत लाइनी दोन असतात, एक फुटली तर दुसरी तारते. इथे एका पाइपाला टाचणीएवढं भोक पडलं की चारही चाकं मोकळी. त्यात मास्टर सिलिंडर जोडीचा, एका बाजूने ब्रेक, दुसऱ्या बाजूने क्लच, वर तेलाची टाकी दोघांत मिळून एक. ब्रेक ऑईल हवेतलं पाणी शोषतं, हा त्याचा गुणधर्मच आहे. आणि ३५ वर्षांत ते किती शोषू शकतं हे मिस्त्रींनी पहिला सिलिंडर उघडला तेव्हा दिसलं. आत तेल नव्हतंच. चहाच्या गाळासारखा तपकिरी चिखल आणि त्यात रुतून बसलेला पिस्टन. तो हातोडीने निघाला नाही, गरम करून निघाला नाही. शेवटी ग्रीस गनने मागून दाब दिला तेव्हा बूच उडावं तसा उडून भिंतीवर आपटला.

सहाच्या सहा सिलिंडरांना आतून खड्डे पडलेले. नवे परदेशातून मागवता आले असते, मिळतातही. पण मॅडमनी विचारलं की जुनेच वाचवता येतील का. हौस म्हणून नव्हे. वडिलांच्या हाताचे आहेत म्हणून. लेथवाल्याने ते थोडे मोठे कापून आत स्टेनलेस स्टीलचे बुश बसवले आणि मूळ मापाला आरशासारखे घासून दिले. लोखंडी पाइप सगळे नवे. प्रत्येक टोकाला फ्लेअर मारताना मिस्त्री श्वास रोखून धरत. ब्रेक शूंवर नवी लायनिंग, ड्रम लेथवर हलके फिरवलेले. नवे रबर किट. सगळं जोडलं, हवा काढली, पेडल दगडासारखं टणक लागलं. मिस्त्री खूश.

पंधरा दिवसांनी गाडी शेडमधून ढकलून बाहेर काढायला गेले तर हलेना. चारही चाकं धरलेली.

पुन्हा ड्रम उघडले. सिलिंडरमधली रबरं फुगून दीडपट झाली होती, बोटाने दाबली की लोण्यासारखी. पहिला संशय अर्थातच मालावर गेला: डुप्लिकेट असणार. मिस्त्री दुकानदाराला चार शब्द सुनवायला निघाले होते. मग वाटेत थांबले आणि परत आले. हाताखालच्या पोराला विचारलं, "पिस्टन बसवायच्या आधी कशाने धुतले होतेस?"

"पेट्रोलने. तुम्हीच तर म्हणता, स्वच्छ पाहिजे."

ब्रेकची रबरं ब्रेक ऑईलमध्ये राहायला बनवलेली असतात. पेट्रोल, रॉकेल, इंजिन ऑईल, ग्रीस यांतलं काहीही लागलं की ती पितात आणि फुगतात. ब्रेकचे भाग धुवायचे ते ब्रेक ऑईलनेच किंवा स्पिरिटने. मिस्त्री हे झोपेत सांगतील. पण पोराला त्यांनी ते कधी सांगितलंच नव्हतं, कारण नव्या गाड्यांत व्हील सिलिंडर कुणी उघडत नाही, अख्खा बदलतात. नवं किट, धुलाई पुन्हा पहिल्यापासून, तीन आठवडे वाया. बिलात मिस्त्रींनी ते किट लावलं नाही. मॅडमनी विचारलं तेव्हा एवढंच म्हणाले, "ते माझ्या खात्यावर."

दुसऱ्या वेळी त्यांनी पेडलवर विश्वास ठेवला नाही. बांबूचा तुकडा कापून एक टोक सीटच्या पायाला आणि दुसरं दाबलेल्या ब्रेक पेडलला लावून अडकवला, चारही चाकांखाली त्या दिवशीचं वर्तमानपत्र अंथरलं आणि शेडला कुलूप लावून गेले. सकाळी येऊन पेपर उचलले, उजेडात धरले. अग्रलेखाच्या पानावर, मागच्या डाव्या चाकाखाली, आठ आण्याएवढा ओला ठिपका. एक जोड पुन्हा आवळला. दुसऱ्या रात्री पुन्हा बांबू, पुन्हा पेपर. असं सहा रात्री चाललं. मॅडम सांगतात की त्या आठवड्यात त्यांनी बातम्या वाचल्याच नाहीत, सगळे पेपर शेडमध्ये.

चाकांचं काम जरा गमतीचं झालं. या गाडीला तारांची चाकं आहेत, प्रत्येकाला ४८ आऱ्या, मधे कान असलेला मोठा नट. तांब्याच्या हातोड्याने त्या कानावर ठोकून चाक काढायचं-घालायचं. उजव्या बाजूचे आटे उलटे, डाव्या बाजूचे सुलटे, म्हणजे चालताना नट सैल न होता आवळत राहतो. पोराने उजव्या बाजूचा नट सवयीच्या दिशेने ठोकून ठोकून आणखीच घट्ट केला होता, तो सोडवायला मिस्त्रींना अर्धा दिवस लागला. आऱ्या कित्येक ढिल्या, काही तुटलेल्या, आणि रिम फिरवलं की जिलबीसारखं वेडंवाकडं. मोटारीचे आरे ओढणारा आता शोधूनही सापडेना. शेवटी मिस्त्रींनी कसब्यातल्या एका म्हाताऱ्या सायकलवाल्याला बोलावून आणलं. पुणं एकेकाळी सायकलींचं गाव होतं. असे हात अजून तुरळक उरलेत. त्याने चाक पाहिलं, एका आरीवर पान्याची टिचकी मारली, आवाज ऐकला, दुसरीवर मारली. "तत्त्व तेच आहे," म्हणाला, "फक्त ही म्हैस आहे." चार चाकांना त्याला नऊ दिवस लागले. टायर तर बाहेरून काळेभोर, चांगली नक्षी शिल्लक असलेले. पण बाजूच्या भिंती वाळक्या तळ्यासारख्या भेगाळलेल्या. हे ठेवू या, असं भाच्याने सुचवलं. मिस्त्रींनी एका टायरमध्ये हवा भरून भेगेत पोस्टकार्ड सरकवून दाखवलं. ते निम्मं आत गेलं.

तळाच्या फळ्या सुताराने पाण्याला न जुमानणाऱ्या प्लायच्या केल्या. चॅसी जाडजूड, ती शाबूत होती. दरवाजांखालचा पत्रा सडला होता, तो टिंकरने कापून नवा घातला. अॅल्युमिनियम आणि पोलाद जिथे एकमेकांना भिडतात तिथे रंगाखाली फोड आले होते. दोन वेगळे धातू आणि मधे ओल, म्हणजे बॅटरीच झाली की. हे मात्र मॅडमनीच मिस्त्रींना समजावून सांगितलं, खडू नव्हता म्हणून शेडच्या जमिनीवर कोळशाने आकृती काढून.

राहिलं पेट्रोल. जुनी टाकी उघडली तेव्हा वॉर्निशचा वास आला आणि तळाशी काकवीसारखा थर. टाकी उतरवून तिच्यात खडे आणि सोड्याचं गरम पाणी घालून दोघांनी दोन बाजूंनी धरून तासभर हलवली, मग पुन्हा, मग पुन्हा. डाग देण्यापूर्वी तोंडापर्यंत पाणी भरलं. रिकाम्या पेट्रोलच्या टाकीला जाळ लावणारे मिस्त्रींनी पाहिलेत, त्यांतल्या एकाचे भुवईचे केस पुन्हा आलेच नाहीत. त्यात एक नवी अडचण होती. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं. जुन्या रबरी नळ्या, कॉर्कची पॅकिंगं, शेलॅक लावलेले जोड यांना ते सोसत नाही. शिवाय तेही पाणी ओढतं, आणि पावसाळ्यात गाडी महिनाभर उभी राहिली की पाणी तळाला बसून टाकी आतून सडवतं. नळ्या आणि पॅकिंगं सगळी इथेनॉलला टिकणारी घातली. यातला योगायोग मिस्त्रींनीच दाखवून दिला. यातलं काही इथेनॉल उसाचं. ज्या साखर कारखान्यांच्या चेअरमनांच्या अँबॅसेडर त्यांनी वर्षानुवर्षं चालत्या ठेवल्या, त्यांनीच आता त्यांच्या जुन्या नळ्या बदलायला लावल्या.

मग ती संध्याकाळ आली. २०२५चा फेब्रुवारी. प्लग बाहेर, नवं ऑईल, फिल्टरमध्येही आधी भरून ठेवलेलं, कारण कोरडा पडलेला ऑईल पंप पहिल्या झटक्यात तेल उचलत नाही. डॅशवरची सेल्फची कळ ओढली. इंजिन नुसतंच फिरत राहिलं, फुस्स फुस्स करत. ऑईलचा काटा शून्यावर. पुन्हा. शून्य. चौथ्या खेपेला काटा थरथरला आणि चढत ४० वर गेला. आता प्लग आत. चावी फिरवली तशी मागून टकटक टकटक ऐकू आलं. एसयू कंपनीचा विजेचा पंप कार्बोरेटर भरत होता. भरले तशी टकटक मंदावली, थांबली. मॅडमनी मान वर केली. हा आवाज त्या विसरल्या होत्या. लहानपणी मागच्या फळीवर बसून ही टकटक मोजायच्या, असं त्या म्हणाल्या. वडील शेवटच्या टकेपर्यंत थांबायचे आणि मगच कळ ओढायचे.

दुसऱ्याच ओढीला इंजिन लागलं. सुरुवातीला सायलेन्सरमधून मातीचा भुगा आणि निळा धूर, मग खोकत खोकत दोन सिलिंडर, मग तीन, मग चार. मिस्त्रींनी बागेच्या पाइपाचा तुकडा एका कार्बोरेटरच्या तोंडाशी धरून दुसरं टोक कानाला लावलं, मग दुसऱ्याला. दोन्हीकडची फुसफुस एकाच सुरात येईपर्यंत स्क्रू चिमूट चिमूट फिरवत राहिले. आजूबाजूला जमलेल्यांनी टाळ्या वाजवल्या. मिस्त्रींच्या चेहऱ्यावर काही नव्हतं.

कारण क्लच सुटत नव्हता. पेडल दाबलं तरी गिअर पडेना. प्लेट गंजाने फ्लायव्हीलला चिकटलेली. इंजिन पुन्हा उतरवायचं म्हणजे आठवड्याचं काम. मिस्त्रींनी मागची चाकं स्टँडवर उचलली, पुढच्या चाकांना दोन्हीकडून ठोकळे लावले, इंजिन बंद असतानाच टॉप गिअर टाकून सेल्फ मारला. मागची चाकं हवेत गरगरू लागली. इंजिन चांगलं तापू दिलं, मग क्लच पूर्ण दाबून धरला आणि ब्रेकवर एकदम पाय मारला. पहिल्या वेळी इंजिन बंद पडलं. तिसऱ्या वेळी खालून 'खाट' असा आवाज आला, चाकं जागच्या जागी थांबली आणि इंजिन चालूच राहिलं.

पोराने विचारलं, "ब्रेक आधी केले नसते तर हे कसं केलं असतं?" मिस्त्रींनी त्याला चहा आणायला पाठवलं.

कागदपत्रांना त्याहून जास्त वेळ लागला, त्याबद्दल थोडक्यात. २०२१च्या जुलैपासून पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेल्या आणि मूळ रूप राखलेल्या खासगी गाड्यांना 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंदणी मिळते. नव्या नोंदणीचे २० हजार रुपये, मुदत १० वर्षं, पुढच्या वेळी ५ हजार. मात्र गाडी रस्त्यावर काढायची ती प्रदर्शन, रॅली, संशोधन, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती यांसाठीच. भाजी आणायला नाही. मॅडमना आधी वडिलांच्या नावावरून गाडी आपल्या नावावर करून घ्यावी लागली. तीन कार्यालयं, सात फेऱ्या. घडी पडून चिरलेलं ते जुनं आरसी बुक त्यांनी प्रत्येक वेळी दोन्ही हातांनी टेबलावर ठेवलं आणि दोन्ही हातांनी उचललं.

गणपती गेल्यानंतरचा एक रविवार, सकाळचे सहा. रस्ता रात्रीच्या पावसाने ओला. मिस्त्रींनी आधी एकट्याने गल्लीत तीन फेऱ्या मारल्या, प्रत्येक फेरीत दहा-दहा वेळा ब्रेक लावत. गाडी एकदाही डावी-उजवी ओढली नाही. मग मॅडम बसल्या, स्टिअरिंगवर मिस्त्री. लॉ कॉलेज रस्त्याने पुढे, नळ स्टॉपच्या सिग्नलला लाल दिवा. पाण्याचा काटा चढू लागला. ही गाडी तासाला साठ मैलांनी अंगावर वारा घ्यायला बनवलेली, सिग्नलला उभी राहायला नाही. शेजारी स्कूटर थांबली. मागे बसलेल्या मुलाने नाकावरचा बिल्ला वाचला आणि विचारलं, "काका, ही हेक्टरची जुनी का?"

एमजी हे नाव आता चिनी कंपनीकडे आहे आणि गुजरातेतल्या हलोलहून त्या नावाच्या गाड्या निघतात, त्यामुळे मुलाचं काही चुकलं नव्हतं. मिस्त्री म्हणाले, "हेक्टरची पणजी." दिवा हिरवा झाला. मॅडम हसत होत्या; त्यांचा हात दाराच्या आतल्या दोरीवर होता आणि तो त्यांनी परत येईपर्यंत काढला नाही.

बंगल्यावर आल्यावर गाडी शेडमध्ये नेली. मिस्त्रींनी इंजिनापासून मागच्या धुरीपर्यंत पुरेल एवढा खोक्याचा पुठ्ठा फाडून खाली सरकवला. या इंजिनाला क्रँकच्या मागच्या टोकाला रबरी सील नसतं. तेल परत ढकलणारी चक्राकार खाच असते, त्यामुळे थोडंफार गळतंच. दुसऱ्या दिवशी सकाळी दोघंही पुठ्ठ्याभोवती उकिडवे बसले. एकूण सात थेंब. मिस्त्रींनी खिशातून पेन काढलं आणि प्रत्येक थेंबाशेजारी लिहायला घेतलं: मेन, मेन, गिअरबॉक्स, टॅपेट कव्हर, मेन. सहाव्यापाशी त्यांनी बोट बुडवलं, वास घेतला, "हे ग्रीस आहे" म्हणाले. सातव्यापाशी थांबले. तो रंगाने फिकट होता आणि मागच्या डाव्या चाकाच्या जवळ.

"बांबू कुठे ठेवलाय रे?" त्यांनी पोराला हाक मारली.

मॅडम आतून आजचा पेपर घेऊन आल्या.